पोटांतील आग आणि एक क्षणजीवी वायु

गेल्या वैशाखांत एके सायंकाळीं आमची पुतणी आमच्याकडे आली, आणि झोपाळ्यावर बसण्याच्या आधींच तिनें पिशवींतून एक पांढरा, रुंद तोंडाचा डबा काढून आमच्या पुढ्यांत ठेवला. डब्यावर पिळदार दंडाचें चित्र होतें व खालीं ठळक अक्षरांत 'आर्जिनिन' असें छापलेलें होतें. "काका, हें घेऊं का?" एवढेंच तिनें विचारलें. डबा तिच्या कचेरींतील एका मित्रानें दिला होता. व्यायामशाळेंत जाणारे तरुण ही पूड पाण्यांत कालवून पितात. तिच्या योगें शरीरांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु वाढतो, रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, जखमा लवकर भरतात. मग आंतड्यांतल्या जखमा तरी कां भरूं नयेत, असा त्या मित्राचा सवाल. चहा घेऊन ती उठली आणि उंबऱ्याशीं जोडे घालतां घालतां म्हणाली, "ह्यानें बरें वाटलें, तर त्या रोजच्या गोळ्या तरी सुटतील." ह्या शेवटच्या वाक्यानें आमची त्या रात्रीची झोप गेली.

कारण वाचकांस सांगितलें पाहिजे. ही मुलगी सव्वीस वर्षांची. चार वर्षांपूर्वीं तिला मोठ्या आंतड्याचा एक चिवट विकार जडला. औषधानें तो वर्षाच्या आंत शमला, ती पूर्ववत् कामावर जाऊं लागली, आणि तेव्हां आम्हींच वडीलकीच्या अधिकारानें तिला सांगितलें होतें कीं, 'दुखणें गेलें, आतां औषध कशास? ताक पी, हलकें खा, आणि त्या गोळ्या बंद कर.' तिनें ऐकलें. चौथ्या महिन्यांत पुन्हां रक्त पडूं लागलें, आणि पुढें तिला अकरा दिवस इस्पितळांत काढावे लागले. त्या अकरा दिवसांत तिनें किंवा तिच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. दिला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

तेव्हां ह्या खेपेस आम्ही अधिकारवाणीनें कांहीं बोललों नाहीं. डबा ठेवून घेतला, गोळी एकहि चुकवूं नकोस असें बजावलें, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आज पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे. शाळेंत असतांना संस्कृताच्या तासाला खिडकीबाहेर पाहात बसणारा हा मुलगा. आतां आम्हीच त्याच्यासमोर विद्यार्थी होऊन बसलों. पुढें लिहिलें आहे तें त्याच्याशीं झालेल्या तीन बैठकींतलें, आणि त्यानें वाचावयास दिलेल्या कागदांतलें. समजण्यांत चूक झाली असेल तर ती आमची.

आधीं विकाराविषयीं. आपल्या घरांतून पुष्कळ गोष्टी उघडपणें बोलल्या जातात, पण शौचाची गोष्ट बोलली जात नाहीं. आमच्या पुतणीनें तीन महिने रक्त पडत असतां घरांत सांगितलें नव्हतें. सांगितलें तेव्हां आजीनें मूळव्याध म्हणून सुरणाची भाजी सुचविली, शेजारणीनें आंव म्हणून बेलफळाचा मुरंबा पाठविला. दोघींचा हेतु चांगला होता. परंतु दिवसांतून सात-आठ वेळां जावें लागणें, रक्त व शेंबडासारखा द्रव पडणें, पोटांत कळ येणें, वजन उतरणें आणि रात्रीं झोपेंतून उठून धांवावें लागणें, हीं मूळव्याधीचीं लक्षणें नव्हेत. आंवेचे जंतु सांपडले नाहींत आणि आंवेच्या औषधानेंहि तें थांबलें नाहीं, तेव्हां कोठें दुर्बिणीनें आंतडें पाहिलें गेलें.

ज्यास इंग्रजी वैद्यकांत दाहक आंत्रविकार म्हणतात, त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस : हा फक्त मोठ्या आंतड्यांत होतो, गुदाशयापासून सुरू होऊन अखंडपणें वर चढतो, आणि आंतड्याचें आंतलें अस्तरच काय तें सोलून काढतो. लंडनचे सॅम्युएल विल्क्स ह्यांनीं १८५९ मध्यें ह्याचें वर्णन केलें. दुसरा क्रोन्स डिसीज : हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेंहि होऊं शकतो, मध्यें मध्यें निरोगी भाग सोडून उड्या मारीत जातो, आणि आंतड्याची सबंध भिंत पोखरतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर ह्या तिघांनीं १९३२ मध्यें त्याजवर निबंध लिहिला. नांवें वर्णानुक्रमानें छापलीं म्हणून क्रोन ह्यांचें नांव रोगास चिकटलें. आपल्या देशांत ह्या दुसऱ्या विकाराची आंतड्याच्या क्षयाशीं फार गफलत होते, कारण दोन्हींच्या खुणा दुर्बिणींतून जवळजवळ सारख्याच दिसतात. पण तो विषय स्वतंत्र आहे. आमच्या पुतणीस पहिला प्रकार आहे.

ह्या दोहोंतहि मूळ दोष असा कीं, शरीराची रक्षक सेना आपल्याच आंतड्यावर चालून येते व परत फिरत नाहीं. ती कां येते हें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. आनुवंशिक कल, पोटांतील जंतूंचा मेळा आणि राहणीमान हीं तिन्हीं त्यांत गुंतलेलीं आहेत. चालून आल्यावर मात्र ती काय काय करते, हें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेंच उजेडांत आलें आहे, आणि तेथेंच हा डब्यावरचा वायु येतो.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नत्राचा एक परमाणु व प्राणवायूचा एक परमाणु, इतकी साधी जोडी. दंतवैद्याकडील हंसविणारा वायु तो निराळा. त्यांत नत्राचे परमाणु दोन असतात. जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज पंडितानें अठराव्या शतकांतच हा वायु तयार करून त्याचा अभ्यास केला होता, आणि पुढें दोन शतकें तो धुराड्यांतील व मोटारींतील एक घाणेरडा वायु म्हणूनच ओळखला जात होता. हृदयरोगाच्या औषधाशीं त्याचें नातें होतें, पण तें कोणास ठाऊक नव्हतें. सोब्रेरो ह्या इटालियन रसायनज्ञानें १८४७ मध्यें नायट्रोग्लिसरिन केलें. आल्फ्रेड नोबेल ह्यांनीं त्याचाच सुरुंगाचा डायनामाइट बनविला. त्या कारखान्यांतील मजुरांचीं डोकीं दुखत. पुढें १८७९ मध्यें मरेल ह्या लंडनच्या डॉक्टरांनीं तेंच द्रव्य अत्यल्प मात्रेंत छातींतील कळेवर दिलें आणि कळ थांबली. खुद्द नोबेल ह्यांना अखेरच्या वर्षीं, १८९६ मध्यें, हृदयविकारावर डॉक्टरांनीं नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलें, आणि ह्या योगायोगाची मौज त्यांनीं एका पत्रांत नमूद करून ठेवली आहे.

हें औषध काम कसें करतें, ह्याचें उत्तर मिळण्यास आणखी ऐंशी वर्षें लागली. १९७७ मध्यें फेरिद मुराद ह्यांनीं दाखविलें कीं, अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो व तोच स्नायु सैल करतो. १९८० मध्यें रॉबर्ट फर्चगॉट ह्यांना आढळलें कीं, सशाच्या रक्तवाहिनीचें आंतलें नाजुक अस्तर शाबूत असेल तरच विशिष्ट औषधानें ती सैलावते. प्रयोगाची तयारी करतांना तें अस्तर घासलें गेलें तर सैलावत नाहीं. म्हणजे अस्तरांतून कांहींतरी दूत स्नायूकडे जातो. हा दूत म्हणजे तोच धुराड्यांतला वायु, हें १९८७ पर्यंत लुई इग्नारो, साल्वादोर मोन्कादा व इतरांच्या प्रयोगांनीं ठरलें. १९९८ चें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघांस मिळालें. मोन्कादा राहून गेले. पारितोषिक तिघांहून अधिकांस देतां येत नाहीं हें खरें; तरी आम्हांस त्यांजविषयीं हळहळ वाटते.

येथें एक सूचना. हा मजकूर एका स्नेह्यास वाचून दाखविला तेव्हां ते टाळी देऊन म्हणाले, 'अहो, हा तर आपला वात! आपल्या पूर्वजांना सारें ठाऊक होतें.' आमचें सारें आयुष्य संस्कृतांत गेलें, आणि म्हणूनच सांगतों कीं, असें म्हणूं नये. चरकसंहितेंत रक्तातिसाराचें वर्णन आहे, आणि तें बारकाईनें पाहणाराचें आहे. परंतु वात ही एका निराळ्या शास्त्राची संज्ञा आहे आणि हा वायु प्रयोगशाळेंत मोजलेला पदार्थ आहे. दोहोंची नांवें जुळलीं म्हणून दोहोंची ओळख पटविणें हा दोन्ही शास्त्रांचा अपमान होय.

असो. हा वायु शरीर कसा करतें? आर्जिनिन नांवाचें एक द्रव्य आपल्या अन्नांत असतें. भुईमूग, तीळ, डाळी ह्यांत तें भरपूर. त्याजपासून हा वायु काढणारीं तीन एन्झाइम आहेत. त्यांस आपण सोयीसाठीं तीन कारागीर म्हणूं. एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत बसतो, दुसरा मज्जातंतूंत. हे दोघे नेहमींचे नोकर. गरज पडेल तसा चिमूटभर वायु करतात, आणि तो कांहीं क्षणांत विरून जातो. आंतड्याचा एक भाग आवळला कीं पुढचा सैल व्हावयास हवा, तरच अन्न पुढें सरकतें; ती सैलावण्याची आज्ञा बव्हंशीं हाच वायु नेतो. अस्तराला रक्त पोंचविणें हेंहि त्याचें काम. आणि एक फार महत्त्वाचें : पांढऱ्या पेशींना तो रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटूं देत नाहीं. पॉल क्यूब्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९१ मध्यें जनावरांत हा वायु औषधानें बंद करून पाहिला, तों त्या पेशी भिंतीला भराभर चिकटूं लागल्या. म्हणजे नेहमींच्या मात्रेंत हा वायु दाहाचा पहारेकरी आहे.

तिसरा कारागीर एरवीं बहुधा गैरहजर असतो. जंतूंचें विष आलें किंवा रक्षक पेशींनीं धोक्याचे निरोप पाठविले, कीं तो नव्यानें घडविला जातो. आणि एकदां कामास बसला म्हणजे तास न् तास, दिवस न् दिवस, पहिल्या दोघांच्या कितीतरी पटींनीं वायु ओततो. जंतूंना मारण्याचें हें शस्त्र आहे. ह्याची पहिली चाहूल मोठ्या गमतीनें लागली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें माणसें खातात किती नायट्रेट व लघवींतून टाकतात किती, ह्याचा हिशेब चालला होता. त्यांत एकास ताप व जुलाब झाले, आणि खाण्यांत फरक नसतां त्याच्या लघवींतील नायट्रेट एकदम वाढलें. आजारी शरीर स्वतःच नायट्रेट बनवितें, हें तेथून सुचलें. तें बनतें ह्याच वायूपासून, हें मागाहून समजलें.

आतां आंतड्याकडे वळूं. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेडचे रोडिगर ह्यांस १९८६ मध्यें अशा रोग्यांच्या गुदाशयांतील द्रवांत नायट्राइट सांपडलें. तें जंतूंचें कीं आंतड्याचें, हा प्रश्न त्यांनीं मोकळा ठेवला. १९९३ मध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत इंग्लंडमधील दोन तुकड्यांनीं सांगितलें कीं, अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यांच्या अस्तराचे कण तपासले असतां त्यांत हा वायु करण्याची क्रिया पुष्कळच वाढलेली दिसते. पुढच्याच वर्षीं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील लुंडबर्ग व त्यांचे सोबती ह्यांनीं दुर्बीण-तपासणीच्या वेळीं रोग्याच्या मोठ्या आंतड्यांतील हवाच नळीनें ओढून मोजली. निरोगी माणसाच्या मानानें वायूचें प्रमाण शंभर पटींहून अधिक निघालें! १९९६ मध्यें असें दिसलें कीं, हा तिसरा कारागीर नुसत्या आलेल्या सैनिकांत नाहीं. सुजलेल्या आंतड्याच्या अस्तराच्या पेशी स्वतःच त्याला कामास लावतात. क्रोन्समध्येंहि हा वायु वाढतो, पण तितका ठळकपणें व सरसकट नव्हे.

इतका वायु एकदम सुटला कीं तो एकटा राहात नाहीं. दाहाच्या जागीं सुपरऑक्साइड नांवाचें प्राणवायूचें एक उग्र रूप तयार होत असतें. दोघांची गांठ पडली कीं पेरॉक्सिनायट्राइट होतें, आणि तें प्रथिनांना व पेशीच्या बीजद्रव्यालाहि इजा करतें. वर्षानुवर्षें धगधगणाऱ्या आंतड्यांत पुढें कर्करोगाचा धोका वाढतो, त्याच्या कारणांत अशी इजा एक असावी असें मानतात. १९९५ मध्यें आणखी एक गोष्ट दिसली : विकार विकोपास जाऊन ज्यांचें आंतडें फुग्यासारखें फुगलें होतें, अशांच्या आंतड्याच्या स्नायूंतहि हा तिसरा कारागीर आढळला. स्नायु सैल करणें हा ह्या वायूचा धर्मच; तेव्हां सारें आंतडें एकदम लुळें पडावें ह्यांत नवल नाहीं.

एवढें ऐकल्यावर आम्ही म्हणालों, "मग झालें. आरोपी सांपडला. त्याचें तोंड बंद करा."

डॉक्टर हंसला. म्हणाला, "सर, धूर आणि अग्नि तुम्हीच आम्हांला शिकविलात ना?"

आम्ही ओशाळलों. न्यायशास्त्रांतला हा दाखला आम्ही दरवर्षीं फळ्यावर काढीत असूं. डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें अनुमान करतां येतें. परंतु धुरानें आग लाविली, असें नव्हे. दाह आहे तेथें वायु आहे, हा झाला अन्वय. वायु काढून घेतला असतां दाह होत नाहीं, असें दिसलें पाहिजे, तो व्यतिरेक. दोन्ही जुळल्याशिवाय कार्यकारण सिद्ध होत नाहीं. आणि गंमत अशी कीं, ह्या लोकांनीं व्यतिरेकाचा प्रयोगहि करून पाहिलेला आहे : ज्यांच्यांत हा तिसरा कारागीर जन्मतःच नाहीं, असे उंदीर त्यांनीं बीजद्रव्यांत फेरफार करून मुद्दाम तयार केले.

निकाल काय लागला? १९९७ मध्यें कॅनडांतील कॅलगरी येथें अशा उंदरांच्या आंतड्यांत सिरक्याचें अम्ल घालून दाह उत्पन्न केला. वायूवांचून त्यांना सुख लागावयाचें, तों त्यांचा दाह अधिक झाला व शमण्यास जास्त दिवस लागले. २००१ मध्यें जपानी व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तसलेच उंदीर घेतले, पण दाह निराळ्या रसायनानें केला. त्यांना आढळलें कीं, ह्या उंदरांना दाहापासून बचाव मिळतो. औषधानें वायु अडविण्याच्या प्रयोगांचीहि हीच तऱ्हा. कोठें फायदा, कोठें तोटा. आणि तिन्ही कारागिरांना एकदम कोंडणारें औषध दिलें तर पहारेकरीहि कोंडला जातो, हा धोका निराळाच. आम्हांस ह्या परस्परविरोधानें प्रथम चीड आली. पण डॉक्टरचें म्हणणें असें कीं, हा गोंधळ नव्हे, हें उत्तरच आहे. तोच वायु आगीच्या आरंभीं काय करतो आणि शेवटीं काय करतो, किती मात्रेंत, अस्तराच्या पेशींत कीं सैनिकांत, शेजारीं सुपरऑक्साइड किती, ह्यावर त्याचें मित्रत्व वा शत्रुत्व ठरतें. आम्हांस मिठाची उपमा सुचली. मीठ नसलें तर आमटी घशाखालीं उतरत नाहीं, मूठभर पडलें तरी उतरत नाहीं. त्यानें ती मान्य केली, पण वर म्हणाला कीं, "येथें मीठ घालणारे तिघे आहेत, आणि एकमेकांना विचारीत नाहींत."

ह्या कथेंतील आम्हांस सर्वांत नवलाचा वाटलेला भाग २०१३ चा आहे. मोठ्या आंतड्यांत प्राणवायु जवळजवळ नसतो. तेथें राहणारे आपले बहुतेक उपकारी जंतु प्राणवायूवांचून, आंबविण्याच्या क्रियेवर जगतात. ई-कोलाय जातीचे जंतु तेथें थोडे असतात. पण त्यांच्या अंगीं एक कला आहे. प्राणवायु नसेल तर ते नायट्रेटवर श्वासोच्छ्वास करूं शकतात. आतां दाह झाला, वायूचा पूर आला, त्याचें सरतेशेवटीं नायट्रेट झालें. म्हणजे शरीरानें शत्रूला मारण्यासाठीं जें शस्त्र उपसलें, त्याच्याच राखेवर हे जंतु पोसले जाऊन बेसुमार वाढले! कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील बॉयम्लर ह्यांच्या प्रयोगशाळेंत उंदरांवर हें दाखविण्यांत आलें : तिसरा कारागीर नसलेल्या उंदरांत ई-कोलायना हा लाभ मिळाला नाहीं. दाहविकाराच्या रोग्यांच्या पोटांत ह्या जातीचे जंतु वाढलेले असतात हें पूर्वींपासून ठाऊक होतें; त्याचें एक कारण हातीं आलें. पुढें २०१८ मध्यें टंगस्टनच्या एका क्षारानें जंतूंची ही कला बंद पाडून उंदरांचा दाह कमी करून दाखविला गेला. उंदरांचा, हें लक्षांत ठेवावें. तो क्षार कोणी घरीं आणूं नये.

मग आज रोग्याला दिलें जाणारें औषध ह्या वायूचें काय करतें? थेट असें कांहींच नाहीं, आणि हीच समजून घेण्याची गोष्ट आहे. आमच्या पुतणीची जी गोळी, मेसालामिन, ती स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ ह्या विदुषींनीं १९४० च्या सुमारास प्रचारांत आणलेल्या सल्फासालाझिनची वारस. ती आंतड्याच्या अस्तरापाशीं अनेक वाटांनीं दाह दाबते. जोराचा हल्ला आला तर स्टेरॉइड. त्याचा गुण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह व विट्स ह्यांनीं १९५५ मध्यें रीतसर चांचणी घेऊन सिद्ध केला, आणि तें औषध तिसऱ्या कारागिराला कामावर बसूंच देत नाहीं, हें १९९० मध्यें समजलें. १९९८ पासून क्रोन्ससाठीं, व २००५ पासून कोलायटिससाठीं अमेरिकेंत मान्य झालेलें इन्फ्लिक्सिमॅब हें धोक्याचा जो मुख्य निरोप, त्यालाच वाटेंत अडवितें. निरोप थांबला कीं कारागीर उठतो, कारागीर उठला कीं वायु ओसरतो. स्वीडनमध्यें गुदाशयांत एक लहान फुगा ठेवून हा वायु मोजण्याची युक्ति काढली आहे. २००६ मध्यें त्यांना दिसलें कीं, विकार जोरांत असूनहि ज्यांच्या आंतड्यांत वायु फारसा वाढलेला नव्हता, त्यांनाच स्टेरॉइडचा गुण कमी आला. वायु जर निव्वळ खलनायक असता तर उलट व्हावयास पाहिजे होतें! रोजच्या व्यवहारांत मात्र डॉक्टर ही मोजणी करीत नाहींत. शौचांतील कॅल्प्रोटेक्टिन नांवाचें प्रथिन मोजून दाहाचा अंदाज घेतात.

अखेरीस आम्ही तो डबा डॉक्टरच्या मेजावर ठेवला. आम्हांस वाटलें, तो 'विष आहे, फेकून द्या' म्हणेल. तसें तो म्हणाला नाहीं. उलट त्यानें सांगितलें कीं, २०१२ मध्यें अमेरिकेंत आर्जिनिन दिलेल्या उंदरांचा आंतड्याचा दाह कमी झालेला दिसला आहे. तेव्हां तुमच्या पुतणीचा मित्र अगदींच वेडा नाहीं. "पण सर, उंदराला दाह आम्ही सोमवारीं करतों आणि पुढच्या सोमवारीं त्याचें पोट फाडून पाहतों. तिचा दाह आज निजलेला आहे. ही पूड पोटांत गेली तर तिघांपैकीं कोणाच्या हातीं पडेल, हें मला सांगतां येत नाहीं, आणि डबा विकणाऱ्यालाहि येत नाहीं. भुईमुगाची चटणी तिला सोसत असेल तर खुशाल खाऊं दे. पुडीचें मला तितकेंसें भय नाहीं. भय आहे तें, पूड घेतली म्हणून गोळी सुटण्याचें."

मग त्यानें कागदावर एक आडवी रेघ ओढली व तिच्यावर वर्षें मांडलीं. बाहेरून ती बरी दिसली, वजन वाढलें, गालांवर रंग आला, तरी अस्तराच्या आंत आग विझली असें होत नाहीं. गोळी आहे ती ही निजलेली आग निजलेली राहावी म्हणून. मागच्या खेपेस ती आम्ही उठविली, असें तो म्हणाला नाहीं. रेघेवर त्या जागीं एक लहानशी फुली तेवढी केली. आणि पुढें, विकार सुरू झाल्यापासून आठ वर्षें झालीं म्हणजे कांहीं त्रास नसला तरी दुर्बिणीनें आंतडें पाहावयाचें व मग ठरलेल्या अंतरानें पाहात राहावयाचें, कर्करोगाची सुरुवात नजरेंतून सुटूं नये म्हणून.

रविवारीं पुतणी आली. आम्ही तिला तो कागद दाखविला, उंदरांची दोन्ही तऱ्हेची गोष्ट सांगितली, आणि मागें दिलेला सल्ला चुकीचा होता हेंहि, तीन वर्षांनीं का होईना, तिच्या तोंडावर सांगितलें. ती कांहीं वेळ कागदावरच्या फुलीकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "काका, गोळ्या मला जड होत नाहींत हो. लग्नाचीं बोलणीं चाललीं आहेत. तिकडच्या लोकांना काय सांगायचें, तें जड होतें." ह्या उत्तराची आमच्याजवळ तयारी नव्हती. आम्ही म्हणालों कीं, जें आहे तें सांगूं. आणि तुझ्या बाबांच्या बरोबर आम्हीहि येऊं, कागद घेऊन.

डबा तिनें मित्राला परत केला. चार वर्षांनीं यावयाच्या तपासणीचा महिना आम्ही आमच्या दैनंदिनीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि आमची प्रकृति लक्षांत घेऊन तिच्या धाकट्या भावाकडूनहि लिहवून घेतला आहे.